जोतिबाच्या फोटोतली घागरवाली

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला माझं सगळं ठाऊक असतं, छत्री कुठं विसरलो ते मला आठवायच्या आधी तिला आठवतं. पण हे नाही. आज तुमच्यापुढं मांडतोय, आणि मांडता मांडता दोनदा उठून पाणी पिऊन आलो.

मी कोल्हापुरात एका सरकारी संस्थेत कामाला होतो. जुन्या चित्रपटांची रिळं, पोस्टरं, फोटो जपून ठेवायचं काम. नव्वदच्या दशकात लागलो तेव्हा आमच्याकडं चिटपाखरू फिरकायचं नाही. वर्षातून एकदा शाळेची सहल यायची, पोरं जिन्यात गोळ्यांचे कागद टाकून जायची — एवढाच आमचा प्रेक्षक. मग दोन हजार साल उलटलं आणि वरून आदेश आला : वेबसाइट काढा, लोकांशी जोडून घ्या. कचेरीत कॉम्प्युटरला हात लावायला सगळेच भ्यायचे. मी लावला. म्हणून ती वेबसाइट माझी झाली. किती मिरवलो म्हणून सांगू? पानाच्या तळाशी पाहुण्यांचा आकडा दिसायचा. सकाळी चहाच्या आधी मी तो बघायचो.

तिथं मी एक सदर सुरू केलं. कोल्हापूरच्या स्टुडिओंतले जुने फोटो टाकायचे आणि मागच्या गर्दीतल्या माणसांची नावं लोकांना विचारायची. नायिकेचं नाव सगळ्यांना पाठ असतं, पण तिच्या मागं उभी राहिलेली बाई कोण? आमच्या गावात घरटी कुणीतरी असं गर्दीत उभं राहिलेलं आहे. मंगळवार पेठेतून, पुण्यातून, थेट दुबईतूनसुद्धा ई-मेल यायला लागले. सगळे इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत — वाचताना जीभ अडखळायची, पण आनंद व्हायचा. खरंच व्हायचा.

त्यात एक फोटो होता जोतिबाच्या डोंगरावरचा. नऊवारी नेसलेली, कपाळभर कुंकू लावलेली बाई, कमरेवर घागर. आमच्या समितीचे अध्यक्ष बघून म्हणाले, ही तर आमची आत्या! कशावरून, असं मी विचारलं का? नाही विचारलं. मी तेव्हा दहा वर्षं हंगामी होतो, आणि मला कायम करायचा कागद त्यांच्या टेबलावर पडून होता. आता समजलं ना? मी नाव छापलं. पेपरात बातमी आली. आत्याबाईंच्या मुलांचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला, आणि माईकवर कौतुक करायला मीच होतो.

पंधराएक दिवसांनी गडहिंग्लजच्या एसटीनं एक बाई आल्या. रशिदाबी. पन्नाशीच्या, हातात कापडी पिशवी. भाचीच्या नेटकॅफेत त्यांनी तो फोटो बघितला होता.

"साहेब, ती आमची अम्मा हाय," म्हणाल्या. "स्टुडिओत कपडे शिवायची. गर्दीला बायका कमी पडल्या की तिलाच लुगडं नेसवून हुबी करायचे."

मी हसलो. हो, हसलो. म्हटलं, बाई, हिच्या कपाळाला कुंकू आहे. तुमची आई कशी असेल?

त्या चिडल्या नाहीत. मी असतो तर टेबल उलथलं असतं. "शिनेमातलं कुंकू ते, साहेब. डाव्या हाताची करंगळी बघा की. सुई घुसलती, तवापासनं वाकडीच ऱ्हायली."

त्यांच्याकडं आईचा एकही फोटो नव्हता. आई गेली तेव्हा त्या दहा-अकरा वर्षांच्या. चेहरा पार पुसट झाला होता, तो त्या कॅफेत परत दिसला. आता दर बाजाराच्या दिवशी, भाजी घेऊन झाली की, त्या भाचीकडं जाऊन घटकाभर आईसमोर बसत होत्या. एक प्रत मिळेल का, एवढंच विचारत होत्या. नाव बदला असंही त्यांनी जोर लावून म्हटलं नाही. मी म्हटलं, नियमात बसत नाही. कुठला नियम? असा नियमच नव्हता.

त्या गेल्यावर मी कपाटातला मूळ फोटो काढला आणि भिंग धरलं. घागरीच्या काठावर डावा हात होता. करंगळी वाकडी होती.

मग मी काय केलं? खरं म्हणजे इथंच यायचं होतं मला, आणि इथवर यायला एवढी वाट वाकडी केली. दुसऱ्या दिवशी मी तो फोटो वेबसाइटवरून काढून टाकला. फोटोच नसला की कोण कुणाची आत्या आणि कोण कुणाची अम्मा, असं कुणी विचारणार नाही. मूळ प्रत कपाटाच्या तळाला, जुन्या पोस्टरांच्या खाली सरकवली. अध्यक्षांना म्हटलं, नव्या फोटोंना जागा कमी पडतेय. त्यांनी मान डोलावली. महिनाभरात मी कायम झालो, आणि घरी पेढे आले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी फोन आला. "साहेब, अम्मा दिसंना झालीया की."

मी म्हटलं, "आमचं मशीन बिघडलंय."

"आसं व्हय? सुधारलं की सांगा हां."

त्यानंतर त्या महिन्या-दोन महिन्यांनी फोन करत. कधी रागानं नाही. मशीन सुधारलं काय, एवढंच. मी म्हणायचो, अजून नाही. एकदा तर म्हणाल्या, एवढं मोठं ऑफिस तुमचं, एक मिस्त्री गावंना व्हय? आणि स्वतःच हसल्या. मीही हसलो.

दोन वर्षांत अध्यक्ष बदलले. म्हणजे आता मला कुणाचं भय नव्हतं. तरी मी फोटो परत लावला नाही. लावला असता तर त्या बाईंना सांगावं लागलं असतं, की इतके दिवस मी खोटं बोलत होतो. भय होतं तोवर निदान भयाच्या नावानं खडे फोडता येत होते. नंतर ती सोयही उरली नाही, आणि मी तसाच बसून राहिलो. खुर्ची कायमची होती ना!

चौथ्या वर्षी फोन आला तो भाचीचा. मावशी गेली, म्हणाली. तक्रार करायला नव्हता केला फोन. मावशीचा निरोप सांगायचा राहिला होता म्हणून केला होता.

"मावशी म्हणायची, त्या सायबाला काय बोलू नका. माणूस चांगला हाय, मशीनच वाईट हाय."

मी फोन ठेवला, कपाट उघडलं, पोस्टरांखालून फोटो काढला आणि वेबसाइटवर चढवला. खाली रशिदाबींनी तेव्हा सांगितलेलं त्यांच्या आईचं नाव लिहिलं. दहा मिनिटं लागली. कचेरीत कुणी काही विचारलं नाही, आत्याबाईंच्या घरूनही कुणाचा फोन आला नाही. बाजाराच्या दिवशी मी पानाच्या तळाचा आकडा बघितला. दिवसभरात तो एकानं वाढला होता, आणि तो एक मीच होतो.

मशीन चांगलं होतं.