येथे सरकारी विमा कार्ड चालते

आमच्या गल्लीतले पेंटर कधी कुणाशी भांडले नाहीत. एखाद्या पाटीवर वेलांटी वाकडी दिसली, तरच त्यांचा जीव खालीवर होई. माझ्या शाळेतले फळे त्यांनीच रंगवले. वयाने माझ्याहून मोठे, तरी मला बाईच म्हणत.

गेल्या महिन्यात जिना चढताना त्यांच्या छातीत कळ आली. नेहमीच्या डॉक्टरांनी तपासून एवढंच सांगितलं, "हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. याच आठवड्यात." खासगी खर्च झेपणारा नव्हता, होतं ते सरकारी विम्याचं कार्ड. त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, कार्ड घेणाऱ्या डॉक्टरांची यादी समोर ठेवून दोन दिवस फोन केले. एक डॉक्टर शहर सोडून गेलेले, दोघे कार्ड घेत नव्हते. शेवटी लांबच्या मोठ्या रुग्णालयात गुरुवारची तारीख मिळाली.

"सोड ती तारीख," पेंटर म्हणाले. "चौकातल्या हृदयाच्या डॉक्टरांच्या बोर्डावर मीच लिहिलंय, 'येथे सरकारी विमा कार्ड चालते.' दोन बस बदलून मरायला कशाला जाऊ?"

"अहो, निदान फोन तरी करा."

"माझ्या हातचा बोर्ड आहे तो. त्याला काय विचारायचं?"

चाळीस वर्षं नवरा म्हणेल ते ऐकलेल्या वहिनींनी तारीख सोडली.

बुधवारी मीही सोबत गेले. काउंटरवरच्या मुलीने कार्ड हातातसुद्धा घेतलं नाही.

"काका, दोन वर्षं झाली, कार्ड बंद केलंय आम्ही."

"आणि बाहेर बोर्ड?"

"पुसायचाय हो. पेंटरच मिळत नाही."

पेंटर हसले. हसता हसता बाकावर बसले, ते बराच वेळ उठले नाहीत.

वहिनींनी तिथूनच रुग्णालयात फोन लावला. गुरुवारची जागा दुसऱ्याला गेली होती. पुढची तारीख दीड महिन्यानंतरची.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते डबा आणि ब्रश घेऊन माझ्या दारात उभे.

"चला बाई, शिडी धरायला."

"वेड लागलंय का? दुसऱ्या कुणाला तरी सांगू."

"अक्षर माझं आहे. ते वाचून अजून कुणी हातची तारीख सोडली तर?"

मी शिडी धरली. धरायला नको होती.

चौथ्या पायरीवर ते थांबले. ब्रश अजून त्या ओळीपर्यंत पोचलाही नव्हता. काळा रंग माझ्या मनगटावर ठिबकला.

"उतरा आधी!" मी ओरडले.

"थांबा हो, जरा दम घेतो."

मी वर पाहिलं. शिडीवरचा त्यांचा एक हात सुटून सावकाश छातीकडे निघाला होता.