वहिनीनं गहू बंद केला

आमची वहिनी चिडली की पुंडलिकनगरात पलीकडच्या तीन घरांना ऐकू जायचं. आई तिला कजाग म्हणायची. मीही म्हटलंय. त्याबद्दल मला आज स्वतःचाच संताप येतो.

तिची मनू सात वर्षांची झाली तरी चारचीच दिसायची. पोट फुगलेलं, हातपाय काटकुळे, सारखे जुलाब. तीन डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं. चौथ्यालाही तेच लिहिताना पाहून वहिनी कडाडली, "जंत असते तर एव्हाना मेले असते, डॉक्टर! दुसरं काही बघा." त्यांनी रक्त तपासलं, मग दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासला. सिलिअ‍ॅक निघाला. गव्हातलं ग्लुटेन पोरीचं आतडं झिजवत होतं. पोळी, रवा, मैदा, बिस्किटं, सगळं जन्मभर बंद.

गिरणीत गव्हाचं पीठ मिसळतं म्हणून वहिनीनं ज्वारी दळायला घरघंटी आणली. तवा वेगळा, पोळपाट वेगळा. मग ती आमच्या मागं लागली. "हा आजार रक्ताच्या नात्यात असतो. सगळ्यांनी तपासा. आणि तपासायच्या आधी पोळी सोडू नका, नाहीतर खरं कळणार नाही." दादानं लगेच तपासलं, त्याला काही नव्हतं. आई म्हणाली, "मला काय धाड भरलीय? आमच्या पैठणला पिढ्यान्‌पिढ्या गहू खातेत, कुणी मेलं नाय." मी म्हटलं, बघू.

पुढं माहेरी सत्यनारायण झाला. मनूच्या प्रसादासाठी वहिनीनं शेंगदाण्याचे लाडू केले होते. आईनं मनूला देवघरात बोलावून प्रसादाचा शिरा भरवला. "देवाचं हाय, काही होत नाय." मी दारातच उभी होते. आईला अडवलं नाही. संध्याकाळपर्यंत पोर ओकून ओकून पांढरीफटक पडली.

त्या दिवशी वहिनी ओरडली नाही. मुकाट्यानं कपडे भरले आणि आईला म्हणाली, "देवाला शेंगदाण्याचा लाडूही चालला असता. तुम्हालाच चालला नाही." मग माझ्याकडं वळली. "ताई, तुम्ही पाहत होतात ना?"

 त्याच आठवड्यात ती, दादा आणि मनू गारखेड्यात दोन खोल्यांत राहायला गेले.

तो प्रश्न सोसवेना, म्हणून मी तपासणीसाठी रक्त देऊन आले. मलाही तोच आजार निघाला. कॉलेजपासून मी लोहाच्या गोळ्या खात होते. लग्नानंतर दोनदा दिवस गेले, दोनदा पोट पडलं. सासरी त्यावरून काय काय ऐकलं ते इथं लिहीत नाही. डॉक्टर थंडपणे म्हणाले, "यामुळंही असू शकतं." असू शकतं! इतक्या वर्षांत एकालाही हे तपासावंसं वाटलं नव्हतं. जिला वाटलं, तिला आम्ही घराबाहेर काढलं होतं.

वहिनीला फोन केला. वाटलं, आता चांगली सुनावेल. दुसऱ्या दिवशी ती थेट माझ्या सासरी आली आणि सासूबाईंना म्हणाली, "हिला गहू म्हणजे विष आहे. लई लाड नका करू हिचे. फक्त हे खायला घालू नका." कणकेचा डबा तिनं स्वतः माझ्या ओट्यावरून हलवला. मला मात्र एका शब्दानं बोलली नाही.

मनू आता शाळेच्या मैदानावर धावते. आई अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, सुनेनं घर फोडलं. परवा शेजारणीला सांगत होती, तेव्हा मी तिथंच होते.

"आई, पोरीला शिरा तू चारलास आणि मी चारू दिला," मी म्हटलं. "घर आपण दोघींनी फोडलं."

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. रक्तही तिनं अजून तपासलेलं नाही.