कार्डावरचे नाव

"डोळे मिटा. कापूस लागेल तिथे बोट ठेवा," डॉक्टर म्हणाले.

मी डोळे मिटून वाट पाहत राहिलो. बऱ्याच वेळाने विचारले, "सुरुवात केव्हा करणार?"

"सहा वेळा लावून झाला," ते म्हणाले.

माझ्या डाव्या करंगळीपासून मनगटापर्यंत एक तांबूस चट्टा होता. डॉक्टरांनी कोपरामागची नस चाचपली. ती सुतळीसारखी जाड झाली होती. "हॅन्सन्स डिसीज," असे ते म्हणाले, आणि मला उमगले नाही हे पाहून त्यांनी मराठी शब्द हळू आवाजात उच्चारला : कुष्ठरोग.

आठवड्यापूर्वी चुलीवरचे पातेले उतरवताना तीच करंगळी भाजली होती. "एवढा मोठा फोड आलाय न् तुम्हाला कलला न्हाय?" असे पत्नी ओरडली, तेव्हा मी हाताकडे पाहिले. मग कोणी ओळखीचे भेटू नये म्हणून भिवंडीतले दवाखाने सोडून, कशेळीची खाडी ओलांडून ठाण्याला आलो.

बाहेर कार्ड लिहिणाऱ्या कंपाउंडरने नाव विचारले. खरे नाव द्यायचे नाही, एवढे मी वाटेतच ठरवले होते. कोणते द्यायचे, हे ठरवायचे राहून गेले होते. तोंडातून निघाले, "महादेव गणपत राऊत."

ते माझ्या गुरुजींचे नाव होते.

पूर्णा गावच्या शाळेत राऊत गुरुजींनी मला सात इयत्ता शिकवल्या. वडील मला भाताच्या शेतात घेऊन जात, तेव्हा गुरुजी बांधावर येऊन उभे राहत. "शिकून पोराचा काय व्हनार हाय, गुरुजी?" असे वडील म्हणत. "उद्या कोणी कागद पुढे केला, तर धर्मा, तुझा मुलगा अंगठा देणार की वाचणार?" असे गुरुजी विचारत आणि मला घेऊन जात. पाटीवर रोज पहिल्यांदा स्वतःचे पूर्ण नाव लिहायचे, हा त्यांचा नियम होता. "नाव लिहिताना हात चोरू नकोस," असे ते म्हणत.

मी पंधरा वर्षांचा असताना गुरुजींच्या गालावर चट्टा दिसू लागला आणि त्यांची बोटे वळू लागली. मुलांच्या पाट्या ते हातात न देता जमिनीवर ठेवू लागले. गाव जमले. त्यांना शाळेतून काढावे असा अर्ज करायचे ठरले. गावात सर्वांत चांगले अक्षर माझे होते. अर्ज मी लिहिला. खाली इतरांनी अंगठे उमटवले. मी सही केली नाही.

गाव सोडून जाण्याच्या दिवशी त्यांनी मला शाळेच्या दारात थांबवले. अर्ज त्यांना दाखवण्यात आला होता. ते म्हणाले, "अक्षर सुरेख आहे, काशिनाथ. खाली नाव तेवढे राहिले."

ते कोठे गेले, कसे जगले, हे मी कधी विचारले नाही.

डॉक्टरांनी स्किन स्मिअर घेतला होता, म्हणजे कानाच्या पाळीला बारीक छेद देऊन काढलेला नमुना. निकालाला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत मी रोगाचा विचार फार थोडा केला. ज्या माणसाला मी एकदा गावाबाहेर काढले, त्याच्याच नावाआड मी आता लपत होतो. ही लाज मला चट्ट्याहून असह्य झाली.

निकाल आला. जंतू सापडले नव्हते. "तुमच्या प्रकाराची दुसऱ्याला लागण होत नाही," डॉक्टर म्हणाले. "डॅप्सोनची गोळी रोज घ्यायची, काही वर्षे. गेलेली जाणीव परत येईलच असे नाही. पण औषध घेतले तर पुढची बोटे वाचतील. लपवत बसलात, तर जातील."

मी त्यांना खरे नाव सांगितले आणि त्या नावाने तसा कागद लिहून घेतला. मग कंपाउंडरला कार्डावरचे नाव बदलायला सांगितले. तो हसला. "अहो, इथे खरं नाव देणारे तुम्ही दुसरे. पहिला जरा वेडाच होता!"

"मग दोघे झालो," मी म्हणालो.

मी यंत्रमागाच्या कारखान्यात कापड तपासत असे. दुसऱ्या दिवशी तो कागद मी मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. त्याने खुर्ची मागे सरकवली आणि "तुम्ही घरी बसा," असे तो म्हणाला.

आवाज चढवणे मला कधी जमले नाही. हळूच म्हणालो, "बसतो. पण आधी हा कागद वाचा. मग मला का काढले ते लिहून द्या, आणि खाली तुमची सही करा."

त्याने कागद वाचला. लिहिले मात्र काहीच नाही. मी माझ्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो.

ज्यांनी मला हे काम शिकवले ते रहमत उस्ताद तोपर्यंत सारे ऐकून आले होते. सत्तरी ओलांडलेला माणूस. दोष डोळ्यांआधी तळहाताला कळतो, हे त्यांचे शिक्षण. मी डावा हात पुढे केला आणि म्हणालो, "उस्ताद, हा हात मेला."

"तो दूसरा क्या छुट्टी पे है?" ते म्हणाले. "रोना बाद में. आँखें बंद कर!"

पन्नाशी उलटलेल्या मला त्यांनी नव्या कामगारासारखे डोळे मिटून उभे केले. उजव्या तळहाताखालून कापडाचा ताका सरकू लागला. मी दोनदा चुकलो. "गधे, कपडा है, बिल्ली नहीं. सहला मत!" आसपासचे कामगार हसले. तिसऱ्यांदा तुटलेला धागा बोटाला लागला आणि मी हात थांबवला.

"अब जा, काम कर," असे म्हणून उस्ताद निघून गेले.

काही जण माझ्याजवळ उभे राहणे टाळत. मी टेबल हलवले नाही. आज औषधाचे चौथे वर्ष आहे. चट्टा फिकट झाला आहे, करंगळी बधिरच आहे, आणि बाकीची सर्व बोटे कामावर आहेत.

तुमच्या अंगावर असा चट्टा असेल आणि तिथे टोचलेले कळत नसेल, तर आजच दवाखान्यात जा. कार्डावर स्वतःचे नाव सांगा. लाजायचे असेल, तर मी लिहिलेल्या त्या अर्जासारख्या गोष्टींची लाज बाळगा. रोगाची लाज बाळगू नका.

राऊत गुरुजींची क्षमा मागायला आता फार उशीर झाला आहे. हे त्यांनीच दिलेल्या अक्षरात लिहिले आहे, आणि या वेळी खाली नाव राहिलेले नाही.

काशिनाथ धर्मा भोईर
पूर्णा, भिवंडी, १९७५