धाकूची मानाची यादी

धाकू गावकरला मानाचं भारी वेड. स्वतःच्या मानाचं तर होतंच, पण गावात कोणाचा मान कितवा, हेही त्याला तोंडपाठ होतं. पेडण्याजवळच्या त्या नदीकाठच्या गावात जत्रेचे नारळ वाटताना गेली चाळीस वर्षं नावं तोच पुकारायचा. पहिला मान गावकरांचा, म्हणजे त्याचाच. त्यानं नारळ घेतल्याशिवाय दुसऱ्यानं हात पुढे करायचा नाही. म्हणून धाकू तापातसुद्धा देवळात जायचा; नाहीतर गाव खोळंबेल, अशी त्याची समजूत होती.

यंदा पुरात नदी वाड्यात, म्हणजे त्यांच्या वस्तीत, शिरली आणि नऊ घरांची माणसं शाळेच्या सभागृहात आली. धाकूही आला. त्याचा फक्त गोठा भिजला होता, पण सांगताना तो ‘घरात पाणी’ असंच सांगायचा. तिथे पेजेचा टोप सत्यवतीच्या ताब्यात. ती दोडामार्गाकडची, नवरा खाणीच्या ट्रकवर. नदीला लागून बांधलेल्या त्यांच्या दोन खोल्यांची एकही भिंत उरली नव्हती. पहिल्याच दिवशी धाकू ताट घेऊन सगळ्यांच्या पुढे उभा राहिला.

“काकानू, पयली पोरां,” सत्यवती म्हणाली. “मगे म्हातारे. मगे बाकीचे.”

“आनी मी?”

“म्हातारे म्हणान बसतल्यात तर आताच वाढतंय.”

धाकू अडुसष्टचा. पण मिशीला कलप लावणारा माणूस असं कसं कबूल करील? तो मागे सरला आणि नऊ दिवस शेवटी जेवला.

पुढे देवस्थान, बसवाले आणि आखातात गेलेली मंडळी यांनी मिळून एकच निधी उभा केला, माणसं आपापल्या घरी परतावीत म्हणून. सोमवारी शाळा भरायची होती. हिशेब बँकेतल्या गौरेशकडे होता. पैसे सगळ्यांना पुरणार नव्हते. क्रमानं एकेक घर उभं करायचं, संपले की संपले, असं ठरलं. आणि गौरेशनं क्रम लावायला सांगितलं कोणाला, तर धाकूला! धाकूनं चष्मासुद्धा न लावता यादी लिहिली.

गौरेशनं ती वाचली. नावं आठच होती.

“आनी सत्यवती?”

“तिका गावात मान खंय आसा?”

धाकूच्या मनात आकस नव्हता. चाळीस वर्षांच्या त्या नारळांच्या यादीत उपऱ्याला जागाच नव्हती. सत्यवती टोप घासत होती. तिनं ऐकलं. ती भांडली नाही, तिनं गौरेशला एवढंच विचारलं, “सोमवारपासून शाळेच्या व्हरांड्यात रवलव तर चलात?”

धाकूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नऊ दिवस तिच्या हातची पेज खाल्ली होती त्यानं. पण ‘चुकलं’ म्हणायची गावकरांच्या घरात रीत नव्हती. खाकरून त्यानं नदीकडे बोट दाखवलं.

“ही यादी देवळाची जाली. न्हंयची वेगळी. न्हंयन पयलो मान कोणाक दिलो? पयली कोणाच्या घरात शिरली?”

सगळ्यांनी सत्यवतीकडे पाहिलं.

“मगे? क्रम न्हंयन लायला. तो मोडपी आमी कोण?”

त्यानं यादी नव्यानं लिहिली. सत्यवती पहिली, धाकू नववा.

“आनी आमच्या गोठ्याचे पत्रे?” त्याची बायको सुलोचना कळवळली.

“शेवटचोय मानच तो,” धाकू म्हणाला, पण चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा होता.

निधी आठव्या घरापर्यंत पुरला. सत्यवतीच्या भिंती उभ्या राहीपर्यंत तिचं बिऱ्हाड धाकूच्या ओसरीवर होतं. पहिला मान व्हरांड्यात कसा ठेवायचा, असं तो सुलोचनेला म्हणाला.

दिवाळीआधी सत्यवती नव्या घरात गेली. तिनं वाड्याला जेवायला बोलावलं. जुन्या सवयीनं धाकू तरातरा पुढे गेला, मग आठवण होऊन थबकला. सत्यवती हातात डाव घेऊन दारात आली.

“काकानू, आज पयलो मान तुमचो.”

“पयली पोरां,” धाकू म्हणाला. “मगे म्हातारे.”

आणि कलप लावलेल्या मिशीवरून हात फिरवत तो म्हाताऱ्यांच्या ओळीत जाऊन बसला.