वसराम नायकाची एक चूल

हिंगोलीकडच्या पुसेगावच्या वरच्या अंगाला माळ आहे. खालची काळी जमीन पाटलांची. वरचा मुरूम, कुसळी गवत आणि वारा एवढा लमाणांच्या तांड्याचा. वसराम नायकाच्या आज्याने बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं होतं. आगगाडी आली आणि बैल बसून खाऊ लागले. मग बावीस घरांनी माळावरचे दगड वेचले, ज्वारी आणि तीळ पेरले. पोट कसंबसं भरे.

तांड्यात नायकाचा शब्द तोच सगळ्यांचा शब्द. भांडण, सोयरीक, दंड, सारं त्याच्या दारात मिटे. पण तहसिलीच्या पायरीवर हाच नायक दिवसदिवस उकिडवा बसे, कारण निजाम सरकारला गाव माहीत, पाटील माहीत. तांडा नावाची चीज दफ्तरात नव्हतीच. सहा वर्षं खेटे घातल्यावर हुकूम निघाला. मोजणीला सरकारी गिरदावर येईल, जो जिथे राहताना दिसेल त्याच्या नावे तिथली जमीन लावील.

मोजणीला आठ दिवस उरले आणि तांड्यात पटकी शिरली. तीन लेकरं गेली. मरीआई बसली ती जागा सोडायची, महिनाभर तिथे चूल पेटवायची नाही, ही जुनी रीत. वसराम अडून बसला, तेव्हा त्याची बायको भिकाबाई म्हणाली, "जमिनीपायी अजून किती लेकरं देता?"

त्याने तांड्याला उठायला सांगितलं. बिऱ्हाडं नाल्यापल्याड गेली. तो मात्र एकटा मागे राहिला आणि रीत मोडून चूल पेटवली. पाप लागलं तर आपल्या एकट्याला लागो. नायकाची चूल पेटती आहे म्हणजे तांडा जागेवर आहे, असं त्याला मनापासून वाटत होतं.

गिरदावर नाकाला रुमाल लावून आला. वसरामने बावीस नावं तोंडपाठ सांगितली, एकेकाचं शेत दाखवलं. माणसं कुठे आहेत, असं गिरदावराने विचारलं.

"म्या हाय ना, नायक. म्या हाय म्हंजी समदे हायत."

गिरदावर काही वाईट माणूस नव्हता. त्याने डोळ्यांना दिसलं ते लिहिलं: एक चूल, एक माणूस, चार एकर. बाकीचं सारं गायरान. वसरामने खुशीने अंगठा दिला. त्या भोळ्या माणसाला हसावं की त्याच्यासाठी रडावं, मला अजून कळत नाही.

कागदात काय आहे ते सहा महिन्यांनी पटवाऱ्याने वाचून दाखवलं. आपल्याला पटकीच्या नावाने हाकललं आणि जमीन गिळली, असं लोक आपसात बोलू लागले. तोंडावर कोणी काही म्हणालं नाही. त्याच्या दारात भांडणं यायची तेवढी थांबली. भिकाबाई खरं सांगत फिरली, पण बायको नवऱ्याचंच बोलणार!

अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं. वसराम मोठ्या आशेने हिंगोलीला गेला. नव्या साहेबाने जुनंच दफ्तर उघडलं, कागद बराबर आहे म्हणाला, आणि गायरान पेरणीआधी रिकामं करायची नोटीस काढली.

नोटीस लागली त्या संध्याकाळी सख्खा पुतण्या लालसिंग आला. काकाच्या मांडीवर वाढलेला हा पोरगा दारातच उभा राहिला, बस म्हटलं तरी बसला नाही.

"मालक, तुमच्या चार एकरात आमची खोपटं घालू द्याल काय?"

"घाला," एवढंच वसराम म्हणाला.

लालसिंगने हात जोडले आणि खाली मान घालून विचारलं, "बदल्यात घरटी किती दिस राबायचं, तेबी आत्ताच सांगा."