कॅप्टनचं कार्ड आणि सुध्या

दोस्तांनो, आज डोकं फिरलंय.

बबलगमसोबत क्रिकेटरांची कार्डं मिळायची, आठवतंय? माझं कॅप्टनचं कार्ड नारपोलीला बाबांच्या यंत्रमागाच्या कारखान्यात हरवलं होतं. लूमखालच्या सुताच्या कचऱ्यात तीन दिवस शोधलं. माझा जिगरी सुध्यासुद्धा माझ्याबरोबर गुडघ्यांवर बसून शोधत होता.

आज सुध्याने घरी बोलावून त्याचा जुन्या कार्डांचा अल्बम दाखवला. त्यात तेच कार्ड. मागे माझं नाव, माझ्याच वाकड्या अक्षरात.

"अरे, ते होय? तेव्हा मीच उचललेलं. घेऊन जा ना," तो हसत म्हणाला.

मी कार्ड तिथेच ठेवून आलो.

सुध्या, तू हे वाचशीलच. उचललंस ते उचललंस, पण तीन दिवस माझ्याबरोबर शोधत कशाला होतास रे?