अध्यक्षांच्या आधी प्रश्न नको

विज्ञानाने माणसामाणसातलं अंतर मिटवलं आहे. नव्वदीच्या सुरुवातीला जळगावातल्या एका मंगल कार्यालयात हे वाक्य कापडी फलकावर टांगलं होतं. फलकाखालच्या रंगीत टीव्हीला झेंडूचा हार घातला होता.

विषय केळीवरचे रोग. दिल्लीतले तज्ज्ञ उपग्रहावरून पडद्यावर बोलणार आणि शेवटी थोडा वेळ फोनवर प्रश्न घेणार होते. जागेसाठी दोन पर्याय होते. कृषी कार्यालयात टीव्हीशेजारीच फोन होता, पण व्यासपीठ नव्हतं. इथे फोन व्यवस्थापकाच्या खोलीत होता, पण व्यासपीठावर सगळे मान्यवर मावत होते. आयोजक समितीचं लगेच एकमत झालं. मी समितीत सर्वांत नवा, म्हणून फोनजवळ बसलो.

माझ्यापाशी पाचोऱ्याकडचे एक आबा येऊन उभे राहिले. धोतराच्या सोग्यात त्यांनी केळीचं पिवळं पडलेलं पान आणलं होतं.

"पान सुकी राहिनं, भाऊ. रोग बठ्ठा, सगळा बागच धरी राहिना. तेस्ले इचारा ना, उपटू का ठेवू?"

दारातून टीव्ही दिसत होता. तज्ज्ञ वेळेवर आले. आमचं दीपप्रज्वलन चालू असल्याने कुणीतरी आवाज बंद केला. मग स्वागत झालं, शाली झाल्या, प्रास्ताविक झालं. पडद्यावर तज्ज्ञ बोलत राहिले. थोड्या वेळाने खाली फोनचा नंबर झळकला.

मी रिसीव्हर उचलला तेवढ्यात समितीचे सचिव आत आले.

"अध्यक्ष बोलायचे आहेत अजून."

"पण नाना, वेळ आत्ताच आहे."

"अध्यक्षांच्या आधी प्रश्न बरा दिसतो का? ठेवा तो."

मी ठेवला. अध्यक्ष उठले आणि संपर्कक्रांतीवर बोलू लागले. त्यांच्या मागे तज्ज्ञ हाताची घडी घालून बसले होते. मधूनच समोरच्या फोनकडे बघत, मग थेट आमच्याकडे. थोड्या वेळाने त्यांनी हात जोडले. कार्यक्रम संपला, पडद्यावर फुलांचं चित्र आलं.

"गयात का त्या?" आबांनी विचारलं.

"गेले."

त्यांनी पान पुन्हा सोग्यात बांधलं. बाहेर आभारप्रदर्शन चालू होतं, ते संपेपर्यंत मात्र थांबले. मधूनच निघून जाणं त्यांना बरं वाटलं नसावं.

बाग त्यांनी ठेवली. रोग शेजारच्या दोन मळ्यांत गेल्यावर तिन्ही बागा उपटाव्या लागल्या.

पुढच्या वर्षी समितीने जागा बदलली. मान्यवर वाढले होते, मंगल कार्यालयाच्या व्यासपीठावर खुर्च्या कमी पडत होत्या.